माणूस नाही, की भिकबाळी नाही?

बाईंना पत्ता सांगणं म्हणजे स्वतःचा अपमान करून घेणं होतं. तुम्ही सांगितलेलं त्या नीट ऐकून घेणार, मान हलवणार, "बरं झालं सांगितलंत" म्हणणार, आणि तुमच्या डोळ्यांदेखत पुढच्या पानवाल्याला तोच पत्ता परत विचारणार. एकदा क्रांती चौकात मी त्यांना समोरच्या दवाखान्याची पाटी बोटानं दाखवली. पाटी एवढी मोठी की चष्मा नसलेल्यालाही वाचता यावी. तरी बाईंनी उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला विचारलंच, "भैया, वो सामने कौनसा दवाखाना है?"

"खाला, बोर्ड पे लिखा है ना."

"लिखा तो है. तुम बोलो."

रिक्षावाल्यानं माझ्याकडं असं बघितलं की, म्हातारीला घरी घेऊन जा बाबा. मी दुसरीकडं बघितलं. नोकरीचे पहिलेच दिवस होते, आणि ही बाई आपल्या डोक्यावर बसणार आहे हे मला नुकतंच कळलं होतं.

आमची लॅब क्रांती चौकापासून जवळच आहे. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबा शहरात गल्लोगल्ली आहेत, पण आमच्याकडं विषाणूंच्या जनुकांवरच्या तपासण्या होतात. कोरोनानंतर पीसीआर हा शब्द शेंबड्या पोरालाही माहीत झाला, त्या पीसीआरचा आमच्याकडं वेगळा विभाग आहे. मी तिथं टेक्निशियन. बाई त्या विभागाच्या प्रमुख. आयुष्यभर सरकारी कॉलेजात विषाणू शिकवून निवृत्त झालेल्या आणि निवृत्ती न मानवलेल्या. समोर आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो, माघारी बाई. लॅबचे मालक डॉक्टर हे त्यांचे जुने विद्यार्थी. त्यामुळं अख्ख्या इमारतीत मालकाला "अरे" म्हणणारी एकच व्यक्ती होती, आणि गंमत म्हणजे तीच व्यक्ती झाडूवाल्या मावशींना "अहो" म्हणायची.

आम्हालाही अहो-जाहोच. फक्त नावानं नाही. नावं लक्षात ठेवणं बाईंना फालतू काम वाटायचं. कोण कुठं राहतं ते त्या पहिल्या दिवशी विचारून घ्यायच्या आणि तेच नाव पडायचं. मी मुकुंदवाडीत राहतो म्हणून मी "मुकुंदवाडी". माझ्या जोडीला काम करणारी मुलगी "शहागंज". "अहो मुकुंदवाडी, जरा फ्रीजर बघा" असं त्या मोठ्यानं म्हणाल्या की रिसेप्शनवर बसलेले पेशंट चमकून बघायचे. शहागंजनं एकदा घर बदललं आणि सिडकोत गेली. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "तुम्ही बदललात, म्हणून मी का बदलू?"

सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. जालना रोडला स्कूटी मधोमध आणि इतकी हळू चालवायच्या की मागं ट्रॅफिकची वरात निघायची. आणि चहा. चहाचा पहिला घोट घेतला की शेजारच्याला विचारणार, "साखर बरोबर आहे?" तो हो म्हणाला की पलीकडच्याला विचारणार, "तुमच्यात बरोबर आहे?" एकाच किटलीतला चहा. मी वैतागून एकदा म्हटलं, "मॅडम, तुमच्या जिभेला काय झालंय?"

"काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण ती एकटी आहे."

हे सगळं वेड त्यांच्या कामातून घरात आलं होतं की घरातून कामात गेलं होतं, ते मला अजून समजलेलं नाही. पण काम समजल्याशिवाय बाई समजत नाहीत, म्हणून थोडं सांगतो.

पीसीआर म्हणजे शोधाशोध. विषाणूच्या जनुकांची लांबलचक अक्षरमाळ असते. ती सगळी कोण वाचत बसणार? म्हणून त्या माळेतला एक छोटा तुकडा निवडायचा, त्या तुकड्यावर नेमका चिकटेल असा एक शोध्या तयार करायचा. त्याला प्रायमर म्हणतात. प्रायमर चिकटला की तुकड्याच्या प्रती वाढत जातात, मशीनवर रेघ वर चढते, विषाणू सापडला. चिकटायला जागाच मिळाली नाही तर रेघ आडवी झोपून राहते. मग रिपोर्टवर लिहायचं, निगेटिव्ह.

हा शब्द उच्चारला की बाई पेन्सिल उपसायच्या. नव्या माणसाला त्या एक गोष्ट सांगायच्या, ती मी इतक्यांदा ऐकलीय की झोपेतही म्हणून दाखवीन. समजा, शहागंजच्या बाजारात एका माणसाला शोधून आणायला तुम्ही नोकराला पाठवलंत. नोकरानं त्याला कधी पाहिलेलं नाही. तुम्ही खूण सांगितली, कानात भिकबाळी आहे. नोकर बाजारभर सगळ्यांचे कान बघत हिंडला आणि परत येऊन म्हणाला, मालक, तो माणूस बाजारात नाही. इथं बाई थांबायच्या आणि पेन्सिल आपल्या छातीवर रोखून विचारायच्या, "आता मला सांगा. माणूस नाही, की भिकबाळी नाही?"

नवा माणूस मदतीसाठी आमच्याकडं बघायचा. आम्ही आपापल्या नळ्यांत डोकं घालायचो.

"हर्पीसचा, म्हणजे ओठावर फोड उठवतो तो विषाणू तसा सभ्य," त्या म्हणायच्या. "कोरोनासारखा रोज कपडे बदलत नाही. आणि म्हणूनच लोक त्याच्या बाबतीत झोपा काढतात. कधीमधी एखादा भिकबाळी काढून ठेवतो, आणि नेमका तोच आपल्या बाजारात येतो."

यावर बाईंचा तोडगा म्हणजे दुसरं दार. कंपनीचं किट हर्पीसच्या एकाच जनुकावर शोधायचं. बाईंनी कॉलेजातल्या दिवसांपासून स्वतः जुळवलेली प्रायमरची एक जोडी सांभाळून ठेवली होती, ती दुसऱ्याच जनुकावर शोधायची. मेंदूच्या तापाच्या पेशंटचं पाठीच्या मणक्यातलं पाणी आलं आणि किटला काही सापडलं नाही, की बाई गुपचूप त्या जोडीनं परत तपासायच्या. "पुढच्या दारानं उत्तर आलं नाही तर मागच्या दारानं हाक मारायची," असं म्हणायच्या. बहुतेक वेळा मागचं दारही गप्पच असायचं. आम्ही कंटाळायचो.

मालकांना हे पसंत नव्हतं आणि त्यांचंही काही चूक नव्हतं. किट मंजुरीचं, त्याचे कागद तयार. बाईंची जोडी घरगुती लोणच्यासारखी, चव उत्तम पण लेबल नाही. "मॅडम, उद्या कुणी विचारलं की हा रिपोर्ट कशाच्या जोरावर दिला, तर मी काय सांगू?" ते विचारायचे. "माझं नाव सांग," बाई म्हणायच्या. "मॅडम, तुमच्या नावाला कोर्टात मान्यता नाही." यावर बाई खदखदून हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत तेच करायच्या.

त्यांचा रिपोर्टही लोकांना आवडायचा नाही. 'निगेटिव्ह' या एका शब्दाच्या जागी त्या लिहायच्या, "या किटला, या नमुन्यात, विषाणू सापडला नाही." शहरातले डॉक्टर आमच्या मालकांना फोन करून म्हणायचे, अरे तुझी ती म्हातारी रिपोर्ट देते की निबंध लिहिते?

एकदा बाईंना स्वतःलाच नागीण झाली. कमरेवर पट्टा उठला. नागीण म्हणजे हर्पीसच्याच खानदानातल्या विषाणूचं काम, हे बाईंइतकं कुणाला माहीत असणार? लगेच गोळ्या चालू केल्या. आणि गोळ्या चालू झाल्यावर, दुखत असताना, रिक्षा करून गावाबाहेरच्या एका नागीण उतरवणाऱ्या बाबाकडं गेल्या. त्यानं मंत्र म्हणत गेरू फासला. लॅबमध्ये आल्या तेव्हा साडीला गेरूचे डाग.

"मॅडम, तुम्हीसुद्धा?" मी विचारलं.

"गेरू गार लागतो हो," त्या म्हणाल्या. "मी त्याला विचारलं, महाराज, तुमचा गुण किती जणांना येत नाही? तो गप्प. मागं किट कंपनीच्या माणसाला हेच विचारलं होतं. टाय लावलेला होता, तोही गप्पच." दुखत होतं तरी त्यांना बाबा आणि टायवाला या जोडीची फार मजा वाटत होती.

आता वहिनीचं सांगतो. हे सांगायचं म्हणूनच खरं तर बसलोय.

आमची शेती पैठणकडं, पण दादाला चिकलठाण्याच्या कंपनीत नोकरी लागल्यापासून आम्ही मुकुंदवाडीत, स्टेशनच्या अलीकडं. आई लवकर गेली. वहिनी घरात आली तेव्हा मी शाळेत होतो. माझे डबे, माझे कपडे, माझी आजारपणं, सगळं तिनं केलं. मला शेपूची भाजी चालत नाही. ही जगाच्या दृष्टीनं काही मोठी गोष्ट नाही, पण घरात शेपू शिजला की माझ्या ताटात न सांगता पिठलं असायचं. वडिलांना माझी इयत्ता माहीत नसायची, वहिनीला शेपू माहीत होता.

तिची खरी ख्याती वेगळीच. कोण कुणाचं कोण लागतं, हे तिच्याइतकं आमच्या भावकीत कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्नात दादा तिला सोडून मांडवात शिरायचाच नाही. ती मागून हळूच सांगायची, "ते टोपीवाले दिसतेत ना, तुमच्या आत्याच्या जावंचे भाऊ. पाया पडा. अन् त्या हिरव्या साडीवाल्या बोलतील, पण त्यांना पोराचं विचारू नका, लई भांडण झालंय." सोयरीक जमवताना म्हातारी माणसं वहिनीला फोन करायची. नात्यातल्या चार पिढ्या तिच्या जिभेवर होत्या.

एक दिवस ती स्वयंपाकघरातून सारखी हाक मारू लागली, काहीतरी जळतंय. गॅस बंद होता. परत थोड्या वेळानं, जळतंय. दादानं सिलेंडर तपासलं, शेजारी जाऊन आला. मग तिला ताप भरला. डोकं दुखायला लागलं. तिनं मला चावी मागितली, आणि मी चावी दिली तर चिडली, कारण तिला पाणी पाहिजे होतं. मग ती मला तिच्या भावाच्या नावानं हाक मारू लागली. मी म्हटलं, "वहिनी, मी आहे." तिनं माझ्याकडं अनोळखी नजरेनं बघितलं. इतकं वाईट मला आईच्या वेळीही वाटलं नव्हतं. सकाळी तिला झटका आला आणि आम्ही तिला दवाखान्यात हलवलं.

मेंदूच्या डॉक्टरांनी स्कॅन केला. कानाच्या वरच्या बाजूला, आत, सूज. म्हणाले, हर्पीसचा विषाणू मेंदूत गेल्यासारखं वाटतंय, पण दुसरंही काही असू शकतं. वाट न बघता हर्पीसचं औषध शिरेतून चालू केलं आणि मणक्यातलं पाणी तपासायला पाठवलं. कुठं पाठवणार? आमच्याकडंच. गावाकडून आलेल्या काकूनं "हर्पीस" ऐकलं आणि तिला कुणीतरी सांगितलं की हर्पीस म्हणजे नागीण. झालं. "नागीण मेंदूत गेली" म्हणून दवाखान्याच्या जिन्यात रडारड. घटकाभरात कुठूनतरी गेरूही घेऊन आली. दादानं तिला हात जोडून खाली नेलं.

त्यातच दुसरं संकट. त्या औषधानं वहिनीच्या किडन्या कुरकुरायला लागल्या. रक्तातला आकडा चढत चालला. डॉक्टरांनी दादाला स्पष्ट सांगितलं, "तपासणीत हर्पीस नसेल तर हे औषध लगेच थांबवू. असेल तर किडनी सांभाळत द्यावंच लागेल. कारण हर्पीस असेल आणि औषध थांबवलं, तर बाई वाचणार नाहीत, किंवा वाचल्या तरी तुम्हाला ओळखणार नाहीत." दादानं मला फोन करून हे सगळं सांगितलं आणि म्हणाला, "बघ बाबा आता तुझ्याच हातात हाय."

तपासणी मीच लावली. मशीन संपलं तेव्हा रेघ आडवी. नमुना खराब नव्हता, तपासणी नीट झाली याची खूण दाखवणारी दुसरी रेघ बरोबर चढली होती. हर्पीस नाही. मी खुर्चीत बसलो. औषध थांबेल, किडन्या वाचतील. रिपोर्ट छापून मी बाईंसमोर ठेवला आणि पेन पुढं केलं.

बाईंनी चष्मा वर केला. "माणूस नाही, की भिकबाळी नाही?"

त्या क्षणी मला ती भिकबाळी ओढून तोडावीशी वाटली. मी म्हटलं, "मॅडम, गोष्टी नंतर सांगा. ही माझी वहिनी आहे. तिकडं किडन्या चालल्यात. सही करा."

बाईंनी पेन बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "तुम्ही बाजूला बसा, मुकुंदवाडी. तुम्हाला 'नाही' ऐकायचंय. ज्याला एकच उत्तर ऐकायचं असतं त्यानं पिपेट धरू नये." आणि शहागंजला हाक मारली, "मागच्या दाराचं सामान काढा."

मी त्यांच्यावर ओरडलो. लॅबमध्ये कुणी बाईंवर ओरडलं नव्हतं. काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण तुम्हाला कुणी नाही म्हणून तुम्हाला कळत नाही, असं काहीतरी बोललो. शहागंजचे हात थांबले. बाईंनी फक्त फोन उचलला आणि मेंदूच्या डॉक्टरांना लावला.

"औषध थांबवू नकोस," त्या म्हणाल्या. म्हणजे तेही यांचे विद्यार्थी. "सलाईन वाढव, मात्रा किडनीच्या हिशोबानं कमी कर, पण थांबवू नकोस. रिपोर्ट? रिपोर्ट अजून तयार नाही. काय तयार आहे ते सांगते. एका नोकराला माणूस सापडलेला नाही. दुसरा नोकर आता निघालाय."

माझ्या ओरडण्यानं मालक वर आले. त्यांनी रेघ बघितली, माझं तोंड बघितलं, आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, किट निगेटिव्ह आहे. नमुना लवकर घेतला असेल तर कधी निगेटिव्ह येतं, दोन-तीन दिवसांनी परत मागवू. पण आज जे आहे ते द्यावं लागेल. तुमच्या घरच्या प्रायमरवर मी रिपोर्ट देऊ शकत नाही."

"दे ना," बाई म्हणाल्या. "कोण नको म्हणतंय? फक्त खाली माझं एक वाक्य घाल, की या रिपोर्टच्या भरवशावर औषध थांबवू नये."

"त्या वाक्यानं किडनी गेली तर?"

बाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढली, परत खोचली. त्यांनाही भीती वाटत असेल हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "तर ते वाक्य माझं होतं असं सांग," त्या म्हणाल्या.

वाक्य घातलं गेलं. मालकांनी स्वतः घातलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला पाहिजे.

मग शहागंजनं मागच्या दाराची तपासणी लावली आणि आम्ही मशीनसमोर बसलो. दुपार होती. बाहेर चौकात हॉर्न चालले होते. अर्ध्याहून जास्त वेळ रेघ झोपलेलीच. मी मनात म्हणत होतो, उठू नको, उठू नको. आणि मग ती उठली. आधी किंचित, मग सरळ वर चढत गेली.

"मॅडम, आ गया," शहागंज हळूच म्हणाली.

मी बाईंकडं बघितलं. मला वाटलं, आता या म्हणणार, बघा. जिंकलेलं माणूस कसं दिसतं ते मला ठाऊक आहे, आमच्या भावकीत पुष्कळ आहेत. बाई तशा दिसल्या नाहीत. भुवया आवळून म्हणाल्या, "'नाही' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवला नाही, तर 'हो' म्हणणाऱ्यावर का ठेवायचा? टेबलावर जुना हर्पीस सांडलेला असेल, पिपेटला लागला असेल. नमुन्यातला न उघडलेला भाग घ्या. खालच्या खोलीत जा. सोबत नुसत्या पाण्याची नळी लावा. मी येत नाही, मुकुंदवाडी येणार नाहीत. तुम्ही एकट्या करा."

शहागंज खाली गेली. तो वेळ मी आणि बाई एका टेबलाशी बसलो. चहा आला. बाईंनी घोट घेतला आणि सवयीनं विचारलं, "साखर बरोबर आहे?" मी खिडकीकडं तोंड फिरवलं. त्यांनी मावशींना विचारलं, मावशी बरोबर आहे म्हणाल्या. दुसरं कुणी नव्हतं, म्हणून बाईंनी कप तसाच ठेवून दिला.

खालून शहागंज आली. नमुन्याची रेघ वर. पाण्याची नळी कोरी. हर्पीस होता.

मी दादाला फोन लावला. मला वाटलं, हे ऐकून तो खचेल. तो म्हणाला, "म्हंजी औषध चालू ठेवायचं ना? ते तर चालूच हाय. त्या मॅडमनी सांगितलं व्हतं ना थांबवू नका म्हणून." तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की आमच्या या सगळ्या घालमेलीत वहिनीचा एकही डोस चुकला नव्हता. मी फोन ठेवून रडलो. बाई उठून फ्रीजर बघायला गेल्या. फ्रीजरमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं.

पुढं तो नमुना बाहेरच्या मोठ्या संस्थेत अक्षरं वाचायला पाठवला. आमच्या किटचा प्रायमर जिथं बसतो नेमकी तिथलीच अक्षरं बदललेली निघाली. बाकी विषाणू तोच, तसाच दांडगा. कंपनीचा टायवाला येऊन गेला, त्यानं सगळं लिहून घेतलं. आता आमच्याकडं जे किट येतं ते दोन जागी शोधतं. मालकांनी त्याचं खोकं बाईंसमोर आणून ठेवलं आणि म्हणाले, "घ्या, तुमच्या लोणच्याला लेबल लागलं." बाईंनी खोकं फिरवून बघितलं. "दोन्ही भिकबाळ्या काढून आला तर?" त्या म्हणाल्या. मालकांनी कपाळाला हात लावला.

वहिनीच्या किडन्या सावरल्या. तिला घरी आणलं. ती चालायची, भाकरी थापायची, पण माणसं तिच्यातून गळून पडली होती. भेटायला येणाऱ्यांकडं ती हसून बघायची आणि ते गेल्यावर विचारायची, "कोण होतं?" शब्द हळूहळू परत आले, पाण्याला पाणी म्हणायला लागली. नाती आली नाहीत. आत्याच्या जावंचे भाऊ गेले, हिरव्या साडीवाल्या गेल्या. मला ती तिच्या भावाच्याच नावानं हाक मारायची. तिचा भाऊ गावाकडं धडधाकट आहे, पण ती त्याला फोनवर ओळखायची नाही. सुरुवातीला आम्ही दुरुस्त करायचो. मग मी ओ द्यायला लागलो. घरात शेपू झाला की माझ्या ताटात शेपू यायचा आणि मी खायचो.

लॅबमध्ये बाई रोज विचारायच्या, "काय म्हणतात पेशंट?" मी म्हणायचो, बरी आहे. मग त्या शहागंजला विचारायच्या, "हे खरं बोलतायत का?" शहागंज म्हणायची, "नहीं मॅडम."

एका रविवारी दुपारी बाई स्कूटीवर मुकुंदवाडीत आल्या. न कळवता. मी फाटकातच उभा होतो, त्यांनी मला बघितलं, हात केला, आणि तरी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारलं की हे घर यांचंच का. मग आत आल्या. कॅनव्हासचे बूट दारात काढले, खुर्चीत बसल्या. दादा त्यांच्या पाया पडला. वहिनीला आम्ही सांगितलं, या मॅडम. वहिनी हसली. नाव विचारलं नाही, तिला सवयीनं ठाऊक झालं होतं की विचारून उपयोग नाही.

बाईंनी थोड्या इकडच्या तिकडच्या गप्पा केल्या. मग सरळ माझ्याकडं बोट करून वहिनीला विचारलं, "हे कोण?"

दादा काही बोलणार होता, बाईंनी त्याला हातानं थांबवलं. वहिनी माझ्याकडं बघत राहिली. मला तिची नजर सोसवेना. तिच्या भावाचं नाव आता येणार म्हणून मी ओ द्यायला तयार बसलो होतो.

"हे व्हय?" वहिनी म्हणाली. "हे आमचे धाकले भावजी." आणि जरा थांबून म्हणाली, "यांना शेपू चालत नाय."

बाई माझ्याकडं वळल्या. "खरं आहे?"

मी मान हलवली.

"दोघांनी एकच सांगितलं," बाई म्हणाल्या. "झालं."

वहिनी पदर खोचत उठली, म्हणाली, पाहुण्यांना चहा नको का? आत गेली. दादा तोंड धुवायला मागच्या अंगणात गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला. चहा आला. वहिनीनं कप आधी बाईंना दिला, मग मला, आणि बाईंच्या समोर उभी राहिली, पूर्वी लग्नघरातल्या पाहुण्यांसमोर उभी राहायची तशी, पदराला हात पुसत.

मी घोट घेतला. चहात साखर नव्हती. चिमूटभरही नाही.

बाईंनी घोट घेतला. कप खाली केला आणि वहिनीला विचारलं, "साखर बरोबर आहे?"

"बरोबर हाय की," वहिनी म्हणाली.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. कप माझ्या ओठाशी होता. आता मला विचारणार म्हणून मी थांबलो. इतकी वर्षं एकाच किटलीचा चहा दोघांना विचारून प्यायलेल्या या बाईला काय सांगावं, ते मला सुचेना.

बाईंनी मला विचारलं नाही. त्यांनी कप उचलला आणि सगळा चहा पिऊन टाकला.